कपाटात मावणार नाही असं कॅबिनेट

कॉम्प्युटरचं कॅबिनेट निवडताना लोक काय काय बघतात. हवा कशी खेळते, पंखे किती बसतात, ग्राफिक कार्ड आत मावतं का, वायरी मागच्या बाजूने लपवता येतात का. मी पर्समधून गाठी मारलेली सुतळी काढली आणि दुकानदाराने काउंटरवर ठेवलेल्या पहिल्याच कॅबिनेटला लावून पाहिली. ते मापात बसलं. म्हणजे माझ्या वडिलांच्या लातूरच्या लोखंडी कपाटातही ते आरामात बसलं असतं. मी म्हटलं, "हे नको."

दुकानदार वजिराबादेतला जुना माणूस. त्याच गाळ्यात त्याचे वडील रेडिओ दुरुस्त करायचे. मी नांदेडला दवाखाना टाकला तेव्हा पहिल्या वर्षीच त्याच्या दोन दाढा काढल्या होत्या, त्यामुळे तो माझ्यापुढे जरा बेतानेच बोलायचा. तरी त्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"डॉक्टरबाई, कॅबिनेटला सलवार-कमीज शिवून राहिल्या का?"

"माप बघतेय. याच्यापेक्षा मोठं पाहिजे."

"मोठं कशाला? तुम्ही सांगितलेला समदा माल यात बसतोय. हवा बी मस्त खेळते. पोराला गेम खेळायला यापेक्षा जास्त लागत नाही."

"पोराला नाही. मला खेळायचंय."

त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा सुतळीकडे, आणि मग आतल्या खोलीतून दुसरं कॅबिनेट आणायला गेला.

मला जे पाहिजे होतं ते साधं होतं. उभं ठेवा, आडवं ठेवा, कुशीवर निजवा, कसंही घातलं तरी कपाटाचं दार लागता कामा नये. आणि चारही बाजूंनी जमेल तेवढी काच पाहिजे. बाकी पंख्यांचं त्याने बघावं.

हे सगळं कशासाठी, ते सांगायला मला कपाटापासूनच सुरुवात करावी लागेल.

भूकंप झाला तेव्हा मी पहिलीत होते. आमचं घर लातूर शहरातलं. तिकडे दक्षिणेकडची गावं झोपेतच मातीत गेली, तसं शहरात झालं नाही, पण पहाटे फडताळातली सगळी भांडी एकदम खाली आली, भिंतींना वरपासून खालपर्यंत भेगा गेल्या आणि देवघरावरची काचेची तसबीर आईच्या पायाशी येऊन फुटली. आम्ही दसरा-दिवाळी ओलांडेपर्यंत अंगणात पालाखाली झोपलो. घरात सगळं पडलं होतं, फक्त अण्णांचं लोखंडी कपाट जागचं हललं नव्हतं. त्याच्या आरशालासुद्धा तडा गेला नव्हता.

त्या दिवसापासून अण्णांचा देवापेक्षा कपाटावर जास्त विश्वास बसला. त्यांनी आधी तो आरसा काढून टाकला, कारण काच. मग घरातल्या सगळ्या तसबिरींच्या काचा काढल्या. आई-अण्णांच्या लग्नाच्या फोटोचीही काढली, आणि तो फोटो पुढे कसरीने कडेने खाल्ला. मग लोहाराकडून पट्ट्या करून आणून त्यांनी कपाट भिंतीला जखडलं. आणि मग घरात जे जे म्हणून चांगलं होतं ते आत जायला लागलं. घराचे कागद, आईच्या रेशमी साड्या, गौरींचे मुखवटे, मला बक्षीस मिळालेली कंपासपेटी, आणि मिक्सर. हो, मिक्सर. आईला चटणी वाटायची असली की अण्णांकडे चावी मागावी लागायची. चावी त्यांच्या करदोट्याला बांधलेली असायची आणि ती सोडायच्या आधी ते दर वेळी विचारायचे, "कशाला पायजे?"

मिक्सर कशाला पाहिजे असतो? पण आई नीट उत्तर द्यायची. शेंगदाण्याची चटणी करायचीय, पाहुणे येणार आहेत. मग चावी मिळायची, आणि मिक्सर धुऊन पुसून परत आत गेला की चावी पुन्हा करदोट्याला. आई या गोष्टीवर कधी चिडलेली मला आठवत नाही. म्हणून तिच्या वाटणीचंही मीच चिडत आलेय.

अण्णा शाळेत गणित शिकवायचे. दहावीला मला चांगले मार्क पडले म्हणून त्यांनी कॉम्प्युटर घेतला. आमच्या गल्लीतला तो पहिला. आईने त्याला हळदकुंकू वाहिलं, मॉनिटरला झालर लावलेलं कव्हर शिवलं. त्या सुट्टीत मला एक खेळ मिळाला, शहर वसवायचा. मोकळ्या जमिनीवर आपण रस्ते टाकायचे, पाण्याचे पाइप, विजेचे खांब, मग लोक येऊन घरं बांधायचे. त्या खेळात संकटं चालू-बंद करायची सोय होती. आग, पूर, भूकंप. मी भूकंप पहिल्याच दिवशी बंद करून टाकला. सुट्टीभर मी ते शहर वाढवत होते. त्याला नदी होती, नदीवर पूल होते, आणि कुठल्याच घराला भेग नव्हती. मी आयुष्यात स्वतःच्या मनाने केलेली ती पहिली गोष्ट होती, आणि ती मला फार आवडत होती.

मग अकरावी लागली.

तोवर लातूरचं सगळं रूपच बदलून गेलं होतं. ज्या भिंतींना भेगा गेल्या होत्या त्या बुजवून, रंग मारून, त्या खोल्या लोकांनी पोरांना भाड्याने दिल्या. मुखेडची, धर्माबादची, कुठली कुठली मुलं ट्रंका घेऊन यायची. चौकाचौकात पहिल्या आलेल्यांचे फोटो लागायचे, क्लासच्या रांगा पहाटेपासून, डब्याच्या खानावळी, अभ्यासिका. आमच्या पुढच्या दोन खोल्यांतही चार मुलं राहायची आणि अण्णा त्यांच्यावर आणि माझ्यावर एकदमच लक्ष ठेवायचे. ज्या घरात अकरावी-बारावी असेल त्या घराने काय करायचं हे तेव्हा लातूरात ठरलेलंच होतं. केबल तोडायची. लग्नाला जायचं नाही. पाहुण्यांना फोन करून सांगायचं, यंदा येऊ नका. सुतक पाळावं तशी बारावी पाळायची. आणि घरात कॉम्प्युटर असला तर तो उचलून ठेवायचा.

अण्णांनी तो उचलला. म्हणजे मॉनिटर उचलला. केवढा जड होता तो, दोघा भाडेकरू मुलांनी मिळून कपाटापर्यंत नेला आणि अण्णांनी स्वतः कुलूप लावलं. पडदा गेला की टीव्ही गेला, हा त्यांचा हिशेब. आठवडाभराने शाळेतल्या सहकाऱ्याने त्यांना सांगितलं, की सर, मेंदू त्या खालच्या डब्यात असतो. अण्णा त्याच संध्याकाळी घरी आले, मॉनिटर पुन्हा टेबलावर मांडला आणि डबा कपाटात घातला. घालताना त्यांनी तो प्लॅस्टिकमध्ये गुंडाळला, वर आईची जुनी साडी, आणि प्लॅस्टिकच्या आत मूठभर डांबरगोळ्या. रेशमी साड्यांना घालायचे तशाच. खराब होऊ नये म्हणून.

दोन वर्षं मी त्या मेलेल्या मॉनिटरसमोर बसून अभ्यास केला. मान वर केली की काळ्या काचेत माझंच तोंड दिसायचं. त्या तोंडावर माझा अजून राग आहे. ते फारच शहाण्या मुलीचं तोंड होतं.

मी चावी मागितली नाही असं कुणी म्हणू नये. मी दर रविवारी मागायचे. क्लासची परीक्षा देऊन आले की अण्णांपुढे उभी राहायचे.

"अण्णा, चावी."

"कशाला पायजे?"

या प्रश्नाला बरोबर उत्तरच नव्हतं. खेळायला म्हटलं असतं तर संपलंच. प्रोजेक्टला म्हटलं तर ते प्रोजेक्ट कुठला म्हणून विचारायचे. शेवटी माझ्या तोंडून एकच निघायचं, "असंच. बघायचं होतं." आणि ते पेपर चाळत म्हणायचे, "परीक्षा झाल्यावर बघू." पुढच्या खोलीतली मुलं दारातून ऐकत असायची. त्यांच्यासमोर मला दर रविवारी लाज वाटायची, आणि तरी पुढच्या रविवारी मी पुन्हा उभी राहायचे.

परीक्षा झाली. मेडिकलला थोडक्यात हुकलं, दाताची डॉक्टर झाले. अण्णा अजूनही ओळख करून देताना 'डॉक्टर' मोठ्याने म्हणतात आणि 'दाताची' गिळून टाकतात. निकालाच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी कपाट उघडून डबा बाहेर काढला. सगळ्या घरात डांबराचा वास सुटला. वायरी जोडल्या, बटण दाबलं, काही झालं नाही. पुन्हा दाबलं. आत कुठेही काही फिरत नव्हतं. दुरुस्तीवाल्याने उघडून पाहिलं आणि मान हलवली. आठवड्याभरात भंगारवाला मॉनिटर आणि डबा दोन्ही घेऊन गेला. माझं शहर, नदी, पूल, सगळं त्याच्या हातगाडीवर गेलं. आई म्हणाली, "जाऊ दे ना माय." मी जाऊ दिलं नाही. वीस वर्षं झाली, मी अजूनही जाऊ दिलेलं नाही.

गेल्या वर्षी आई गेली. वर्षश्राद्धाला आम्ही लातूरला जमलो तेव्हा ठरलं की अण्णांनी आता नांदेडला माझ्याकडे यायचं. त्यांनी एकच अट घातली. कपाट बरोबर येईल.

मी हो म्हटलं, आणि दुपारी सगळे आडवे झाल्यावर सुतळी घेऊन कपाटासमोर बसले. सगळ्यात मोठ्या कप्प्याच्या रुंदीला एक गाठ, उंचीला एक, खोलीला एक. दार लावून उघडून पाहिलं. पाठीमागे अण्णा कधी येऊन उभे राहिले कळलं नाही.

"काय मोजून राहिलीस?"

"टेम्पोत मावतंय का ते बघते."

"मावतंय. आणलं तवा बैलगाडीत मावलं होतं."

मी दातांचे साचे घेते, मला माप कसं घ्यायचं कळतं. माझं माप पक्कं होतं. घरी आल्यावर मी नवऱ्याला सांगितलं की मी गेमिंगचा कॉम्प्युटर बनवून घेणार आहे, आणि कॅबिनेट कपाटात मावणार नाही एवढं मोठं घेणार आहे. तो म्हणाला, "त्यापेक्षा चावीच मागून घे ना." नवऱ्यांना सगळं सोपं वाटतं.

तर त्या दुकानात मी तीन फेऱ्या मारल्या. दुसरं कॅबिनेट उभं मावत नव्हतं पण आडवं मावत होतं. तिसरं कसंच मावत नव्हतं, पण त्याला जाळी होती, काच नव्हती. दुकानदार म्हणाला, जाळीच चांगली, आपल्याकडच्या उन्हाळ्यात काचेच्या पेटीत माल भाजून निघेल. मी म्हटलं, काच पाहिजे. तो म्हणाला, मग जास्तीचे पंखे लावू. शेवटी त्याने हैदराबादहून एक मागवलं. समोरून काच, बाजूने काच, आत रंगीत दिवे, दुकानात त्याला सगळे 'फिश टँक' म्हणत होते. खोक्यातून काढताना त्यालाही दम लागला. मी सुतळी लावली. उभं नाही, आडवं नाही, कुशीवर घातलं तर वीतभर बाहेर. दार लागणारच नव्हतं. मी तिथेच हसले. दुकानदार म्हणाला, "डॉक्टरबाई, कॅबिनेट घेऊन एवढं खुश झालेलं गिऱ्हाईक मी पहिल्यांदा बघून राहिलो."

अण्णा आले त्या दिवशी मी ते मुद्दाम हॉलमध्ये टेबलावर, दारातून शिरताच दिसेल असं ठेवलं. दिवे चालू. आधी टेम्पोतून कपाट उतरलं, त्यांच्या खोलीत गेलं, पट्ट्या ठोकून झाल्या. मग ते बाहेर आले आणि कॅबिनेटपाशी थांबले.

"केवढी काच ही. खाली ठेव माय, पडंल."

"राहू द्या तिथंच."

ते हातपाय धुवायला गेले. जेवले, झोपले. मी दोन दिवस वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी सकाळी ते चहा घेत त्याच्याकडे बघत होते तेव्हा माझाच धीर सुटला.

"हे तुमच्या कपाटात मावत नाही, अण्णा."

"काय?"

"हे. कसंही घातलं तरी मावत नाही. मी मोजून घेतलंय."

"कपाटात कशाला घालायचं?" त्यांनी विचारलं, आणि त्यांना खरंच कळलेलं नव्हतं.

मग मी सगळं सांगितलं. मॉनिटर, डबा, साडी, रविवार. ते कपाळाला आठ्या घालून ऐकत होते आणि मधेच त्यांचा चेहरा उजळला. "हां, हां. डांबरगोळ्या घातल्या होत्या मी. चांगला जपून ठेवला होता की." मग म्हणाले, "पण तुला पाहिजे होता तर मागायचा. मागितला असतास तर दिला नसता का?"

त्यांनी चोरी केली आणि आता ते म्हणत होते की चोरीच झाली नाही. आठवत असतं आणि माफी मागितली नसती, तरी मला चाललं असतं. मी इतकं मोजून-मापून जे विकत आणलं होतं ते त्यांच्या दृष्टीने नुसतं एक मोठं काचेचं खोकं होतं.

"चावी द्या," मी म्हटलं.

"कशाला पायजे?"

"मागायचं म्हणालात ना. मागतेय. द्या."

माझा आवाज चढला असणार, कारण नवरा आतून डोकावून गेला. अण्णांनी सदरा वर केला, करदोट्याची गाठ सोडायला त्यांना बराच वेळ लागला. बोटं पूर्वीसारखी चालत नाहीत. मी मदत केली नाही. चावी हातात आली तेव्हा कोमट होती.

दवाखान्यात आम्ही पेशंटना कवळी ठेवायला पारदर्शक डबी देतो. मी चावी त्या डबीत घातली, म्हणजे आतल्या कशाला लागून शॉर्ट व्हायला नको. मग कॅबिनेटची काच काढली, डबी आत खालच्या कोपऱ्यात दुहेरी टेपने चिकटवली, काच लावली, स्क्रू आवळले. दिवे लावले. चावी निळी दिसली, मग जांभळी, मग लाल. कुठूनही बघितलं तरी दिसत होती.

त्यांची औषधं, पेन्शनचे आणि घराचे कागद, कपडे मी चावी डबीत घालायच्या आधीच बाहेर काढून त्यांच्या टेबलावर ठेवले होते. मी त्यांचे हाल करणार नव्हते. कपाटात आता फक्त आईच्या साड्या आणि गौरींचे मुखवटे होते. त्यांच्यासाठी रोज कपाट उघडायची काही गरज नव्हती.

रविवार आला. मी नवीन शहरात पाण्याचे पाइप टाकत बसले होते. आता हा खेळ कितीतरी सुंदर दिसतो, नदीत ढगांची सावली पडते. अण्णा येऊन माझ्या शेजारी उभे राहिले. हात मागे बांधलेले. बराच वेळ ते पडद्याकडे बघत असल्यासारखं करत होते.

"चावी दे जरा."

मी खेळ थांबवला. वीस वर्षं मी या वाक्याची वाट बघत होते हे मला तेव्हा कळलं.

"कशाला पाहिजे?"

त्यांनी तोंड उघडलं. गणिताचा मास्तर, उभा जन्म दुसऱ्यांना उत्तरं विचारत आलेला, त्यांना एक उत्तर देता आलं नाही. मग खाली बघून ते म्हणाले, "असंच. बघायचं होतं."

मला वाईट वाटायला पाहिजे होतं. नाही वाटलं. बरं वाटलं, पोटातून बरं वाटलं. मी सावकाश स्क्रू काढले, काच बाजूला ठेवली, डबी उघडून चावी त्यांच्या हातावर ठेवली. ते आत गेले. कपाटाचं दार करकरलं आणि डांबरगोळ्यांचा वास हॉलपर्यंत आला. त्यांनी आत काय पाहिलं ते मी बघायला गेले नाही. थोड्या वेळाने ते बाहेर आले आणि मी न मागता चावी माझ्यापुढे धरली. मी ती परत डबीत घातली आणि स्क्रू घट्ट केले.

आता हे दर रविवारी होतं. ते येतात, हात मागे बांधून उभे राहतात, चावी मागतात. मी विचारते, "कशाला पाहिजे?" त्यांना अजून उत्तर सापडलेलं नाही, आणि मी विचारणं सोडणार नाही. पण उत्तर आलं नाही तरी दर वेळी मी चावी देते. त्यांच्यापेक्षा एवढंच मी वेगळं करते.